ॲबिंग्डनची गाडी, भुसावळचे ऊन

एम.जी. मिजेट या छोट्या, उघड्या स्पोर्ट्स गाडीबरोबर जी पुस्तिका मिळत असे, तिच्यात हिवाळ्यात पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक तडकू नये म्हणून काय काळजी घ्यावी याविषयी स्वतंत्र भाग आहे. उन्हाविषयी मात्र तिच्यात फार थोडे सापडते. तपशिलाच्या तक्त्यात उष्ण प्रदेशांसाठी ७४ अंशांवर उघडणारा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारी झडप, सांगितला आहे, तेवढाच काय तो उल्लेख. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. ही गाडी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी बनत असे आणि ती घडवणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवात धुके होते, संततधार पाऊस होता, बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर पसरलेले मीठ होते. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, दुपारी अंगणात राहिलेला पाना उघड्या हाताने उचलता येत नाही, आणि मिठाचे पाणी पत्र्याला लागण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे ही गाडी इथे घरच्या घरी राखायची तर त्या पुस्तिकेतले प्रत्येक माप आणि प्रत्येक मुदत आपल्या हवेत पुन्हा तपासून घ्यावी लागते. मी जे शिकलो ते बहुतेक या तपासणीतूनच शिकलो.

आमची मिजेट १९६५ सालची आहे. माझ्या मामांनी ती मुंबईत, मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी कुटुंबाकडून घेतली होती आणि त्यांच्यानंतर ती आमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली आली. मिजेट १९६१ मध्ये बाजारात आली. तिचे जुळे भावंड असलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट त्याआधी १९५८ पासून बनत होती. १९७९ मध्ये मिजेटचे उत्पादन थांबले आणि पुढच्याच वर्षी ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. आमच्या गाडीचे इंजिन १०९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या ए-सिरीज घराण्यातले आहे आणि त्याची ताकद सुमारे ५९ अश्वशक्ती आहे. आजच्या कोणत्याही साध्या मोटारीपुढे हा आकडा लहान वाटेल. परंतु गाडीचे एकूण वजनच ७०० किलोच्या आसपास आहे, आणि या गाडीचे सगळे गुण व सगळ्या गरजा त्या एका गोष्टीतून निघतात.

हलक्या गाडीत जास्तीचे काही नसते. ब्रेकला पायाच्या जोराखेरीज दुसरी मदत नाही, स्टिअरिंगला नाही. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यास सव्वादोन फेऱ्यांहून किंचित अधिक फिरवावे लागते, आणि रस्त्यावरचा खडा हाताला कळतो. जड गाडीत किंगपिनचा (पुढचे चाक ज्या उभ्या पिनवर वळते तिचा) थोडा खेळ, एखाद्या चाकातली कमी हवा, एका प्लगची मंद ठिणगी हे सगळे वजनाखाली आणि ताकदीखाली झाकले जाते. इथे ते झाकले जात नाही. साधी हवेचीच गोष्ट घ्या. रेडियल टायर असतील तर या गाडीला पुढे २२ आणि मागे २४ पौंड हवा पुरते. पंपावरचा मुलगा सवयीने ३२ पौंड भरतो आणि मग तीच गाडी महामार्गाच्या सांध्यांवर उडू लागते, वळणावर सैल वाटू लागते, आणि चालवणाऱ्याला वाटते की स्प्रिंग गेल्या असाव्यात. म्हणून मी हवेचे मापक स्वतःजवळ ठेवतो आणि सकाळी टायर थंड असताना हवा मोजतो.

खानदेशात या गाडीचा खरा प्रश्न पेट्रोलच्या वाटेवर आहे, आणि तो समजून घ्यायला मला बराच काळ लागला. ए-सिरीज इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारे कार्बोरेटर आणि धूर बाहेर नेणारा एग्झॉस्टचा बिडाचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात. दोन्ही कार्बोरेटर तापलेल्या बिडाच्या अगदी वर बसलेले असतात आणि मध्ये पत्र्याची एक ढाल असते. गाडी धावत असते तोवर वाऱ्याने निभावते. जळगावहून भर उन्हात येऊन गाडी बंद केली, की वारा थांबतो, पंखा थांबतो, आणि बिडात साठलेली सगळी उष्णता सावकाश वर चढते. दहा-पंधरा मिनिटांत कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेले पेट्रोल उकळू लागते. त्यानंतर गाडी सुरू करायला जावे तर स्टार्टर फिरतो, इंजिन एक-दोनदा दचकते आणि बंद पडते. पाहणारे म्हणतात, इंजिन तापले. शेजारचे आप्पा, ज्यांनी भुसावळच्या लोको शेडमध्ये वाफेच्या इंजिनांपासून फिटरकाम केले, त्यांनी एकदा बॉनेटवर हात ठेवून माझे लक्ष योग्य जागी वळवले. ते म्हणाले, “पाण्याचा काटा पाह्य भो, तो जागेवर आहे. इंजिन नाही तापलं, पेट्रोल तापून राहिलं.”

त्यानंतर आम्ही दोघांनी जे केले त्यात मूळ रचनेबाहेरचा भाग असा एकही बसवला नाही. ढालीला मूळचे जे उष्णतारोधक अस्तर असते ते झडून गेले होते, ते नव्याने लावले. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले बेकेलाइटचे जाड ठोकळे तडकले होते, ते जळगावच्या लेथवाल्याकडून त्याच जाडीचे करून घेतले. पेट्रोलची नळी ब्लॉकला टेकत होती, तिला दूरच्या वाटेने नेले. डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग किंचित मागे सरकले होते, आणि हे कारण सहज नजरेतून सुटते: ठिणगी उशिरा पडली की जळणाचा शेवट एग्झॉस्टच्या तोंडाशी होतो आणि मॅनिफोल्ड अधिक तापतो. टायमिंग जागेवर आणल्यावर फरक हातालाच कळला. आता उन्हाळ्यात गाडी थांबवली की मी बॉनेट उघडून ठेवतो. ही सवय पुस्तिकेत नाही, पण आमच्याकडे ती किल्ली काढण्याइतकीच आवश्यक आहे.

थर्मोस्टॅटबद्दलही इथेच सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तो काढून टाकण्याची पद्धत आहे, आणि चांगले मेकॅनिकसुद्धा तसा सल्ला देतात. मला तो पटत नाही. थर्मोस्टॅट पाण्याच्या वाटेत जो अडसर उभा करतो, त्यामुळे ब्लॉकमध्ये आणि त्यावरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये, पाण्याचा दाब टिकतो आणि ते मागच्या सिलिंडरपर्यंत नीट पोहोचते. तो काढला की पुढचा काटा थंड दिसतो आणि मागचा सिलिंडर तापत राहतो. ७४ अंशांचा थर्मोस्टॅट बसवावा, रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक कूलंट घालावे, हे बरे. बोअरचे पाणी कधीही घालू नये. आमच्या भागातले बोअरचे पाणी इतके जड आहे की चहाच्या पातेल्याला पांढरा थर चढतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढला तर कोणताही पंखा उपयोगाचा नाही. आणि पाण्याचा पंप व हेड यांच्यामध्ये बोटभर लांबीची एक रबरी नळी असते, तिच्यावर विशेष लक्ष ठेवावे. ती फुटली तर घडीची, दाबून आत बसवता येणारी नळी मिळाल्यास ठीक. तशी नसेल तर तिच्यासाठी पंप उतरवावा लागतो. उष्णतेने रबर आतून कडक होते आणि बाहेरून चांगले दिसते. मी ती नळी दर उन्हाळ्यापूर्वी चिमटीत दाबून पाहतो.

पेट्रोलच्या प्रश्नाला आता इथेनॉलची जोड मिळाली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. ज्या मक्यापासून आणि उसापासून ते बनते ती पिके आमच्याच शिवारांत उभी असतात, आणि शेतकऱ्याच्या मालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. जुन्या गाडीच्या मालकाने त्याबद्दल कुरकुर न करता त्याचे परिणाम समजून घ्यावेत, असे माझे मत आहे. परिणाम असे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि मऊ करते, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या घ्याव्या लागतात. फ्लोटमधल्या सुईचे टोक आणि पंपाचा पडदाही तसाच. ते हवेतला ओलावा ओढते, म्हणून पावसाळ्यात महिनोन् महिने अर्धी टाकी ठेवली तर तळाशी पाणी साठून पत्रा गंजू शकतो. गाडी उभी ठेवायचीच असेल तर टाकी पूर्ण भरावी, म्हणजे ओल्या हवेला आत जागा उरत नाही. आणि इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने, पूर्वीच्याच सेटिंगवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पातळ मिश्रण अधिक तापते, आणि तापणे ही आमची आधीचीच अडचण आहे.

मिश्रण जाड करण्यासाठी या गाडीचा एसयू बनावटीचा कार्बोरेटर उघडावासुद्धा लागत नाही, आणि यासाठी मी त्याच्या रचनेवर फार प्रेम करतो. त्यात एक पिस्टन असतो, त्याच्या तळाला निमुळती सुई असते आणि ती सुई एका जेटमध्ये लोंबत असते. इंजिनाने जितकी हवा ओढावी तितका पिस्टन वर उचलला जातो, सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, आणि तितके अधिक पेट्रोल बाहेर पडते. वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे जेट इथे नाहीत. जेटच्या खाली एक सहा कडांचा नट असतो. तो एका वेळी एकच कड फिरवायची. तो खाली नेला की मिश्रण जाड होते, वर घेतला की पातळ. मग पिस्टन उचलण्याची छोटी पिन हलकेच दाबून पिस्टन किंचित वर उचलायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. रेस वाढली आणि वाढलेलीच राहिली तर मिश्रण जाड आहे; इंजिन लगेच मंदावले तर पातळ; क्षणभर चढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. नव्या पेट्रोलला आमच्या गाडीत पूर्वीपेक्षा नट थोडा खाली ठेवावा लागतो.

कार्बोरेटर दोन असल्याने दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी मोजयंत्रे मिळतात, पण मी जळगाव जिल्ह्यात कोणाच्याही शेतात सापडेल अशी ठिबकची १६ मिलिमीटरची नळी हातभर कापून ठेवली आहे. तिचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे. हवेचा सूसू आवाज दोन्हीकडे एकसारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवायचे. हे काम पहाटे करावे, कारण सकाळी सात वाजल्यानंतर आमच्या रस्त्यावरची वाहतूक तो फरक ऐकू देत नाही. धुळीच्या बाबतीत मात्र एसयू नाजूक आहे. पिस्टन आणि त्याची वरची टोपी यांमधली जागा केसाएवढी असते आणि काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठाहून बारीक असते. टोपी आतून कापडाने आणि पेट्रोलनेच पुसावी. पॉलिश पेपर तिला कधीही लावू नये, कारण एकदा ती जागा वाढली की पिस्टन पुन्हा नीट चालत नाही.

अशी गाडी खानदेशात कोण दुरुस्त करणार, असे मला पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. माझे उत्तर असे की हे ज्ञान इथे आहे, फक्त ते स्पोर्ट्स कारच्या नावाने ओळखले जात नाही. या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना लावला तर तो हळूहळू नटाच्या कडा गोल करतो. इंची पान्यांचा पूर्ण संच मला कोणा महागड्या दुकानात नव्हे, मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरची कामे करणाऱ्या एका मेकॅनिककडे मिळाला, कारण त्या ट्रॅक्टरलाही इंची मापांचेच बोल्ट असतात. डायनॅमोचे आर्मेचर जळाले तेव्हा ते विहिरीवरच्या मोटारी भरणाऱ्या वायंडिंगवाल्याने भरून दिले; त्याने तारेची जाडी मोजली, फेरे मोजले, आणि मागच्या बुशाला तेलाचे छिद्र असूनही तिथे वर्षानुवर्षे तेल पडले नाही हे मला दाखवून दिले. अँबेसिडरमुळेही आम्हाला फार मदत झाली. तिचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजचे, म्हणजे आमच्या इंजिनाचा थोरला भाऊच; कार्बोरेटर एसयूच. २०१४ मध्ये अँबेसिडरचे उत्पादन बंद झाले तरी आग्रा रोडवर आणि स्टेशनाबाहेर आयुष्यभर तिच्यावर काम केलेली माणसे अजून आहेत, आणि त्यांना मिजेटचे बॉनेट उघडून दाखवले की ओळख करून द्यावी लागत नाही. एक गोष्ट मात्र त्यांनाही आधी सांगावी लागते: १९६५ च्या या गाडीत बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला आहे. सवयीने ऋण टोक बॉडीला लावले तर बॅटरी आणि डायनॅमो यांच्या ध्रुवांचा मेळ बसत नाही. म्हणून बॅटरीच्या पट्टीवर मी लाल रंगाने तसे लिहून ठेवले आहे.

किंगपिनचे काम मी स्वतःच करतो, कारण ते कंटाळवाणे आहे आणि कंटाळवाणे काम दुसऱ्याकडून नीट होत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाला ग्रीसचे तीन निपल आहेत, दोन किंगपिनचे आणि एक खालच्या पिनचा, जी आट्यांवर फिरते. पुस्तिका दर ३,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरनंतर ग्रीस भरायला सांगते. आमच्या धुळीत ही मुदत मी निम्म्यावर आणली आहे. गाडी जॅकवर उचलून, स्टँडवर टेकवून, चाकांवरचा भार काढून मगच ग्रीस मारावे. भार असताना ते पिनच्या दाबलेल्या बाजूला पोहोचत नाही. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे स्वच्छ दिसेपर्यंत गन चालवावी, आणि बाहेर आलेले लगेच पुसावे, नाहीतर त्यावर बसलेली धूळ पुढच्या वेळी आत जाते. खालच्या पिनच्या आट्या एकदा झिजल्या की चाक धरणारा संपूर्ण विशबोन बदलण्याची वेळ येते, आणि इकडे तो भाग सहज मिळत नाही.

गंजाविषयी खानदेशला थोडे झुकते माप आहे. इंग्लंडमध्ये या गाड्या मिठाने खाल्ल्या; आमच्याकडे वर्षातले सात-आठ महिने हवा कोरडी असते. पण मिजेटला वेगळी चेसिस नाही, आणि वर छप्परही नसल्याने दाराखालच्या पोकळ पेट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्यांवरच सगळ्या बॉडीचा ताठपणा अवलंबून आहे. या पेट्यांना पाणी निघून जाण्यासाठी खाली छिद्रे असतात. उन्हाळ्यात त्यांत धूळ बसते, पहिल्या पावसात ती भिजून चिखल होते, छिद्र बुजते, आणि मग आषाढ-श्रावणातले पाणी पेटीतच मुरते. पाऊस कमी म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि नेमक्या याच कारणाने पत्रा आतून जातो. म्हणून मृगाच्या आधी छिद्रांतून तार फिरवणे आणि पेटीत पातळ मेण-तेल फवारणे हे आमचे ठरलेले काम आहे. सिल कापून नवे जोडायची वेळ आलीच, तर दार आणि चौकट यांमधली फट आधी मोजून ठेवावी आणि चौकटीत आडवा आधार जोडूनच पत्रेकामाला हात घालू द्यावा. नाहीतर बॉडी मधून वाकते आणि ते दार पुढे कधीच नीट लागत नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात सांगतो. डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून एक आड एक वर्षी, पावसाळा संपल्यावर, मी ते पूर्ण बदलतो.

टॅपेटची फट, म्हणजे सिलिंडरची झडप (व्हॉल्व्ह) आणि तिला दाबणारा दांडा यांमधले अंतर, मोजणे हे मला या गाडीचे सर्वांत आवडते काम आहे. इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणजे आमच्याकडे पहाटेच. माप ०.०१२ इंच. आठ व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांचा हिशोब नवाचा आहे: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला मोजायचा, सहावा उघडा असताना तिसरा, म्हणजे दोहोंची बेरीज नेहमी नऊ यावी. फीलर गेजची पाती किती अडखळत सरकावी याचा अंदाज हाताला यायला वेळ लागतो, आणि तो एकदा आला की जात नाही. प्रत्येक वेळची मापे मी वहीत लिहितो, आणि त्या वहीनेच सध्याचे काम काढले आहे.

वहीत असे दिसते की चौथ्या आणि पाचव्या व्हॉल्व्हची फट प्रत्येक तपासणीत कमी झालेली आढळते. बाकीच्या व्हॉल्व्हची फारशी हलत नाही. हे दोन्ही एग्झॉस्टचे व्हॉल्व्ह, शेजारी शेजारी, आणि त्यांचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो, म्हणून हेडचा हा भाग सर्वांत अधिक तापतो. फट कमी होणे याचा अर्थ व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये रुतत आहे. या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक बिडातच कापलेली आहे, वेगळी कठीण रिंग नाही. शिसे मिसळलेले पेट्रोल होते तोवर त्याचा थर बैठकीचे रक्षण करीत असे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. कमी धावणाऱ्या गाडीचे काही मालक पेट्रोलमध्ये मिश्रक टाकून वेळ काढतात आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण आमच्याकडे ऊन आहे, पातळ पडणारे पेट्रोल आहे, आणि मला ही गाडी चाळीसगावचा घाट चढवून पलीकडे नेता आली पाहिजे. म्हणून हेड उतरवले आहे आणि चारही एग्झॉस्ट व्हॉल्व्हना कठीण धातूच्या रिंगा बसवायचे ठरवले आहे.

जळगावच्या ज्या वर्कशॉपमध्ये हे काम होईल, तिथे वर्षभर ट्रॅक्टरची हेडे येतात, आणि रिंगा बसवणे हे त्यांचे रोजचेच काम आहे. तिथल्या टर्नरने हेड पाहून दोन अटी घातल्या. चौथ्या आणि पाचव्या बैठकीमध्ये बिडाचा पट्टा अरुंद असतो, तेव्हा तिथे तडा नाही ना हे आधी तड्यात मुरणारा रंग लावून तपासायचे. आणि रिंगेसाठी खाच किती खोल घ्यायची ते पाण्याची पोकळी कुठे आहे हे पाहूनच ठरवायचे. दोन्ही अटी मला मान्य आहेत. सध्या पेरणीपूर्वीच्या मशागतीमुळे त्यांच्याकडे ट्रॅक्टरची रांग आहे आणि शेतकऱ्याचे काम आधी व्हायला हवे, तेव्हा हेडचा नंबर पेरण्या आटोपल्यावर लागेल. तोवर मी जुने गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या, मोजून घेत आहे, कारण बैठक नवी आणि गाइड झिजलेला असला तर व्हॉल्व्ह तिरका बसतो आणि सगळा खर्च वाया जातो.